वाटीभर तीर्थ

पोट दुखायला लागून चौथा महिना संपत आला होता, आणि तोवर मी इतकी दमले होते की 'देवा, बरं वाटू दे' असं मागायचाही मला कंटाळा येऊ लागला होता. आज हे लिहिताना हसू येतं. कारण त्या काळात आमच्या वाशीच्या सोसायटीत 'भक्ती करावी तर हिनं' असं माझ्याबद्दल बोललं जायचं, आणि तसं ते बोललं जावं याची काळजी मीच नीट घेत होते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, सगळे उपास माझ्याकडे. बायका भजनाला जमल्या की खिचडीच्या बशा मी सगळ्यांपुढे ठेवायची आणि स्वतः मात्र 'माझं आज निर्जळी आहे हो' असं हळू, पण पार दारातल्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. आता सत्तरी उलटल्यावर तेव्हाच्या माझ्यातल्या त्या बाईकडे वळून पाहते तेव्हा वाटतं, तिचा कान धरावा आणि आधी तिला मऊ वरणभात जेवायला बसवावं.

गुडघे दुखतात म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कधीतरी पाच दिवसांसाठी गोळ्या दिल्या होत्या. त्या मी दुकानातून परस्पर आणून दोन वर्षं खाल्ल्या. जेवणानंतर घ्यायच्या होत्या, पण उपासाला जेवणच नाही, तेव्हा काळ्या चहाबरोबर घेत असे. पूजेला मांडी घालून बसता यावं म्हणून गोळी, आणि पूजा सोवळ्यात व्हावी म्हणून पोट रिकामं. मग पोटात जळजळ सुरू झाली, तेव्हा ती देवानं घेतलेली परीक्षा आहे असं मी ठरवून टाकलं. एकदा परीक्षा म्हटलं की औषध घेणं म्हणजे कॉपी केल्यासारखंच! मी काही कॉपी केली नाही. दिवसेंदिवस फिकी पडत गेले. दोन मजले चढायचे तर मधे पायरीवर बसायची. कणीक मळता मळता परात बाजूला सारून ओट्याला डोकं टेकायची आणि तशीच उभी राहायची. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, तेही मी कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी देवघरापुढेच चक्कर येऊन पडले आणि मग आमच्या ह्यांनी माझं काही ऐकलं नाही. हे रबाळ्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. एरवी मवाळ माणूस, पण त्या दिवशी रिक्षा बोलावून मला उचलूनच आत बसवलं.

रक्त तपासलं, फार कमी निघालं. 'पोटात नळी घालून बघायला हवं' असं ऐकलं, आणि मी 'नको' म्हणून मोकळी झाले. त्याला कारण होतं. माझी थोरली बहीण, अक्का, दोनच वर्षांपूर्वी गेली होती, पोटाच्या कॅन्सरनं. तिला साताऱ्याला अशीच नळी घातली होती. ती मला म्हणाली होती, 'बाई गं, वैरिणीलासुद्धा ती गिळायला लावू नये.' त्यामुळे मला दोन भीती होत्या. एक नळीची, आणि दुसरी ती नळी आत जाऊन काय बघेल त्याची. पहिलीबद्दल मी सगळ्यांशी बोलत होते. दुसरीबद्दल देवाशीही नाही.

आमच्या भागातल्या त्या लहानशा हॉस्पिटलात पोटाचे मोठे डॉक्टर दर गुरुवारी मुंबईहून यायचे. त्यांची ती दुर्बीण एका सूटकेसमध्ये असायची, लग्नाला निघाल्यासारखी घडी घालून. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "बहुतेकांचं घशात बधिरीचा फवारा मारला की भागतं. पण तुम्ही फार घाबरलाय. तुम्हाला झोपेचं इंजेक्शन देतो. गुंगीत राहाल, नंतर फारसं आठवणारही नाही." मला ते बोलणं देवाच्या तोंडचंच वाटलं. मी त्या इंजेक्शनवरच हो म्हणाले. पुढचं त्यांनी दोनदा बजावलं होतं, "आदल्या रात्री दहानंतर तोंडात काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. गुंगी द्यायची तर पोट रिकामंच पाहिजे." मी मान डोलावली. उपास काय मला शिकवायचा!

आता माझं शहाणपण ऐका. मधल्या आठवड्यात मी पोथीचं सात दिवसांचं पारायण धरलं, आणि समाप्ती नेमकी तपासणीच्या दिवशी आली. आली म्हणजे, मीच बोटांवर मोजून आणली. समाप्तीला नैवेद्य आणि पंचामृताचं तीर्थ घेतल्याशिवाय पारायण पुरं होत नाही, हा आमच्या घरचा नेम. पहाटे पाचला उठून मी सगळं केलं. तळहातावर पळीभर तीर्थ घेऊन थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पण वाटीत पंचामृत उरलं. मुलगा शिकायला पुण्याला, ह्यांना साखरेचा आजार, आणि देवाला वाहिलेलं पंचामृत मोरीत ओतायचं पाप कोण करणार? दूध, दही, तूप, मध, साखर, वर केळ्याच्या चकत्या आणि तुळस. वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटून संपवली. माझ्या मनाला जराही टोचलं नाही. तीर्थानं कुठला उपास मोडतो का? एकादशीला चालतं, मग डॉक्टरांच्या उपासाला का चालू नये? इतकं सोपं होतं ते.

आठ वाजता हॉस्पिटलात पोचलो. सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" मी म्हणाले, "नाही." आणि मला वाटत होतं की मी खरं बोलतेय.

माझे कपडे बदलायला एक मावशी आल्या. वाशी वसण्याच्या आधीपासून इथे जी गावं होती, त्यांतल्या एका गावच्या. आखूड नेसलेलं लुगडं, त्यावर हॉस्पिटलचा निळा झगा, दात मिश्रीनं काळे झालेले. त्यांनी मला पहिल्या शब्दापासून 'अगं-तुगं' सुरू केलं, आणि मी, भजनी मंडळाची अध्यक्ष, मनातल्या मनात नाक मुरडलं.

"बांगड्या काढ. कुंकू राहू दे. खोटा दात हाय का तोंडात?"

होता. वरच्या बाजूला दोन दातांची प्लेट होती, आणि ती ह्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मी पाठ फिरवून ती काढली आणि मावशींच्या हातातल्या स्टीलच्या वाडग्यात टाकली. त्या वाडगं घेऊन निघाल्या, मग थांबल्या. खिडकीशी जाऊन प्लेट उजेडात धरली.

"ही तुलस कवाची गो?"

प्लेटच्या खालच्या बाजूला तुळशीचं पान चिकटलं होतं. त्याच्या कडेला दह्याचा पांढरा कण.

"तीर्थ घेतलं होतं," मी म्हणाले.

"कवा?"

"पहाटे. पाचला."

"पलीभर?"

मी हळूच म्हणाले, "वाटीभर."

"अगो बाय! वाटीभर तीर्थ? देव काय पंगतीला बसलेला?"

मला रडूच फुटलं. मावशींचा हात धरून मी म्हणाले, "मावशी, पाया पडते तुमच्या, कुणाला सांगू नका. ते मला इंजेक्शन देणार नाहीत मग."

"न्हाय देनार. नसंच द्यायचं." त्या माझ्याशेजारी खाटेवर बसल्या. आवाज खाली आला. "ऐक. जागा मानूस वकला तं खोकतो, थुकून टाकतो. सुईनं झोपवलेला काय करंल? पोटातला वर येतो नि छातीत जातो. तुझा दूधदही छातीत गेला मंजे? तवा देव काय धावत येनार हाय? त्यानं आताच पान चिकटवून ठेवलाय, आनखी काय करंल तो बिचारा?"

मी डोळे पुसले.

"मी सांगनार न्हाय," त्या उठत म्हणाल्या. "जीव तुझा हाय, तू तुझ्या तोंडानं सांग. पन सुई टोचायला आले नि तू गप रायलीस, तं मंग मी बोलेन. मना काय तुझ्या जीवापेक्षा नोकरी जड न्हाय."

त्या गेल्या, आणि मी त्या खाटेवर बसून राहिले. वीस मिनिटं असतील. मी आयुष्यात इतकी कधी दमले नव्हते. पोटातली आग तर होतीच, पण त्याहून थकवा होता तो सगळं सांभाळत राहण्याचा. नेम सांभाळायचे, चांगलं नाव सांभाळायचं, काळं शौच लपवायचं, दातांची प्लेट लपवायची, अक्काचं शेवटचं तोंड आठवायचं नाही म्हणून सांभाळायचं. मला जप करावासा वाटला आणि होईना. ओठ हलत होते, पण मन भलतीकडेच होतं. तेव्हा मी देवाला फक्त एवढंच म्हटलं, की आता माझ्याच्यानं होत नाही, तुला जे करायचं ते कर. ते काही भक्तीनं म्हटलं नव्हतं. डोक्यावरची पाटी धपकन खाली टाकावी तसं म्हटलं होतं.

डॉक्टर आले. माझी फाईल उघडली आणि मी म्हणाले, "डॉक्टर, मी मघाशी सिस्टरशी खोटं बोलले."

मला वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. काय, किती, केव्हा, शांतपणे विचारलं.

"पंचामृत? केळंही होतं?"

"दोन चकत्या."

त्यांनी डोळे मिटून घेतले, चष्मा काढून पुसला. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. "झोपेचं इंजेक्शन आज विसरा. तुमचं पोट आजारी आहे, ते केव्हा रिकामं होईल याचा भरवसा मी देऊ शकत नाही. दोन रस्ते आहेत. पुढच्या गुरुवारी या, खरोखरच्या रिकाम्या पोटी, म्हणजे गुंगी देऊन करू. नाहीतर आज सगळ्यात शेवटी, अकराच्या पुढे, नुसत्या फवाऱ्यावर करतो. तुम्ही पूर्ण जाग्या असाल. त्रास होईल, पण खोकता येईल. तुमचं रक्त बघता मला आठवडा घालवावासा वाटत नाही. पण जबरदस्ती नाही."

ह्यांना आत बोलावलं होतं. ते ऐकून लालबुंद झाले. "अगं, एक दिवस! देवानं एक दिवस तुला समजून घेतलं नसतं?" मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम निवळले. "जाऊ दे. पुढच्या गुरुवारी येऊ. मी रजा टाकतो."

ती वाट उघडी होती, आणि मला तिचीच भीती वाटली. कारण मी स्वतःला ओळखत होते. पुढच्या गुरुवारपर्यंत मी काहीतरी काढलं असतं. एखादी संकष्टी, एखादं उद्यापन, कुणाच्या घरची वास्तुशांत. अक्कानंही असेच गुरुवार ढकलले होते, तिच्या परीनं. मी म्हणाले, "आजच करा."

हे बळ कुठून आलं, असं मला नंतर खूप जणींनी विचारलं. बळ नव्हतंच हो. घाबरायलाही थोडी ताकद लागते, आणि माझी ती संपली होती.

अकराच्या पुढे मला आत नेलं. घशात कडू फवारा मारला. थोड्या वेळात जीभ दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटू लागलं आणि घसा लाकडाचा झाला. डाव्या कुशीवर निजवलं, गुडघे दुमडून, गालाखाली टॉवेल. दातांमधे प्लास्टिकची कडी बसवली. मागून कुणीतरी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. हाताला फिनेलचा वास होता आणि मिश्रीचा. मावशी.

"घास गिलतंस तसा गिल. हां. आनखी येक. थुकी गिलू नको, तोंडातून वाहू दे, टॉवेल हाय. नाकानं श्वास घे, नाकानं."

नळी आत गेली. खोटं कशाला सांगू, फार वाईट होतं ते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, पोट उसळून वर येतंय आणि माझं माझ्यावर काही चालत नाही. मी देवाचं नाव आठवू लागले. ज्या नावाचा मी कित्येक वर्षं जप केला होता, ते नाव मला आठवेना. खरोखर आठवेना! डोकं पुसलेल्या पाटीसारखं कोरं. आणि त्या कोरेपणात फक्त मावशींचा आवाज चालू होता. त्या माझ्याशी देवाचं बोलत नव्हत्या. त्या सांगत होत्या की त्यांच्या आंगणात शेवग्याला या साली शेंगाच शेंगा लागल्यात, शेजारीन तोडून नेते, नेऊ दे, झाड काय कुना येकाचा असतो का; श्वास घे; सून बरी हाय पन मीठ जास्त घालते; श्वास घे, नाकानं; झाला बघ, निम्मा झाला. एक हात डोक्यावर, एक पाठीवर वरून खाली, वरून खाली. लहान बाळाची ढेकर काढावी तसा.

मधे कधीतरी माझं अंग सैल झालं. मी केलं नाही, झालं. नळी आतच होती, त्रासही होता, पण तो त्रास जणू खोलीत कुठेतरी बाजूला ठेवला होता आणि मी त्या हाताच्या आधारावर होते. कुणीतरी मला धरलंय, मला स्वतःला धरून ठेवायची गरज नाही, एवढंच कळत होतं. मी आयुष्यभर वाचत आले होते की अशा क्षणी प्रकाश दिसतो. मला काही दिसला नाही. प्रकाश दिसला तो डॉक्टरांना, आणि तोही माझ्या जठरात.

पाच-सहा मिनिटांत नळी बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, "मोठा अल्सर आहे, रक्त झिरपतंय. आज बघितलं ते बरं झालं. तुकडा काढून तपासायला पाठवतोय, रिपोर्ट आठ दिवसांनी. गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद. उपासही बंद."

तोंड बधिर, तरी मी विचारलं, "किती दिवस?"

"किती दिवस काय? बंद."

मावशी वाडग्यातून माझी प्लेट धुऊन घेऊन आल्या आणि पदराआड माझ्या मुठीत दिली. कुणालाही दिसली नाही.

त्या आठ दिवसांत मी दिवसातून चार वेळा जेवत होते, मऊ भात, दूध, शिजवलेला भोपळा. एकादशी आली आणि गेली. त्या दिवशीही मी जेवले. आकाश काही कोसळलं नाही, सोसायटीत कुणाला कळलंही नाही, आणि थोडं वाईट वाटलं ते याचंच! पण रिपोर्टची वाट बघताना मात्र मी बदललेली होते असं म्हणवत नाही. अक्का सारखी डोळ्यांपुढे यायची. फरक इतकाच की तिची आठवण मी येऊ द्यायची, ढकलायची नाही. रडू आलं की रडायची आणि पुन्हा ताटावर बसायची.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. हे जिन्यात उभे राहून ते दोन ओळींचं इंग्रजी पाच वेळा वाचत होते आणि मी कठड्याला धरून खाली बसले होते.

पुढच्या गुरुवारी नारळ आणि खण घेऊन मी मावशींची ओटी भरायला गेले. आमच्या मंडळातल्या बायकांनी तोवर ठरवूनच टाकलं होतं की साक्षात देवीच त्या रूपात आली. मी त्यांना म्हणायची, देवी मिश्री लावत नाही गं. पण मनात वाटे, मला कसं ठाऊक? वाद मी तेव्हाही घातला नाही आणि आजही घालत नाही. त्या दिवशी एका पानानं आणि एका बाईनं मला थांबवलं. ज्यानं ते घडवलं त्याला मी हात जोडते, एवढंच मला येतं.

मावशी तपासणीच्या खोलीत होत्या. दार अर्धं उघडं. आत टेबलावर मार्केटात कांदे निवडणारी एक म्हातारी कुशीवर निजली होती. तिची सून भीतीनं बाहेर बाकावर बसून राहिली होती, आणि म्हातारी "मला न्हाई जमायचं वो, सोडा मला" म्हणत पाय झाडत होती. मावशींनी तिचं डोकं धरूनच दाराकडे पाहिलं.

"आलीस? बरी आलीस. तो नारल ठेव तिकडं नि हिचे पाय धर."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं. पिशवी कोपऱ्यात ठेवून मी तिचे पाय धरले. गार, भेगाळलेले, काठीसारखे ताठ पाय. मला काय बोलावं सुचेना. पोथीतलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. मग मी तिला सांगू लागले की माझ्याही पोटात गेली होती ही नळी, मी वाईट ओकाऱ्या काढल्या होत्या, तुम्ही पण काढा, इथे कुणी हसत नाही. आणि तिच्या घोट्यांवरून हात फिरवत राहिले, वरून खाली, वरून खाली.

शरण जाणं हे फार मोठं काम आहे आणि ते आपण करायचं असतं, असं मला तोवर वाटायचं. त्या दिवशी माझ्या हातांखाली ती म्हातारी हळूहळू सैलावली. आधी बोटं, मग पाऊल, मग पोटरी. तिला कळलंही नसेल. मला मात्र कळलं की आपल्या अंगात हे कसं झालं होतं, आणि ज्यानं मला तेव्हा धरलं होतं त्याचे आभार मानायला मी तिचे पाय आणखी जरा घट्ट धरले.